चोवीस नंबरची गोटी

चोवीस नंबरची गोटी कुठं आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. वस्तू हरवली की माणूस शोधतो, चिडतो, बायकोवर घसरतो. इथं तेही करता येत नव्हतं. वस्तू जागेवर होती आणि तिच्यावर देवी बसली होती.

झालं होतं असं. रामेश्वरकडं मळणी यंत्र होतं आणि यंत्राच्या हत्यारांची एक निळी पत्र्याची पेटी होती. तिच्यात पकडी, छिन्न्या, हातोडे आणि वरच्या कप्प्यात अख्खा गोटीसेट: नटावर टोपीसारख्या बसणाऱ्या नंबरी गोट्या, त्यांच्यात दांडी अडकवायचा चार सुताचा, म्हणजे अर्ध्या इंचाचा चौक, आणि त्या फिरवायचं किटकिट करणारं रॅचेट. घटस्थापनेच्या सकाळी त्याच्या आईनं, दगडाबाईनं, ती पेटी ओढून देवघराच्या कोपऱ्यात नेली. वर पत्रावळ मांडली, पत्रावळीवर रानातली माती, मातीत पाच धान्यं, मधोमध घट. गेल्या साली घट भुईवर होता. चौथ्या माळेला उंदरांनी कोंब खाल्ले आणि पुढं थंडीत बारा मेंढरं पाय झाडून मेली. दगडाबाईच्या लेखी या दोन गोष्टींच्या मधल्या काळात जगात दुसरं काहीच घडलेलं नव्हतं.

"लोखंडाची हाय," ती म्हणाली. "उंदराला चढता येत न्हाई."

रामेश्वरनं पाहिलं. रोजच्या वापरातले चार पाने त्यानं आधीच बाहेर काढून घेतले होते. यंत्राला ग्रीस केलेलं होतं. दसऱ्यापर्यंत काय बिघडतंय, असं त्याला वाटलं. यंत्र चालवणाऱ्यानं असं वाटून घेऊ नये, पण त्याच्या सात पिढ्या मेंढरामागं फिरलेल्या. मेंढरू नऊ दिवस न बिघडता राहतं.

एकदा बसलेला घट दसऱ्याआधी कुणी हलवत नाही. तो हलवला तर काय होतं हे कुणी पाहिलेलं नव्हतं, कारण कुणी हलवलाच नव्हता.

सातव्या माळेला यंत्र सरूबाईच्या रानात गेलं.

सरूबाई बौद्धवाड्यातली. नवरा बन्सी वारून बरीच सालं झाली होती. पोरगा संजय हा युसूफ वडगाव या गावात मोटारसायकली दुरुस्त करायचा आणि दोन एकर रान ती एकटी बघायची. तिचा नंबर दुसऱ्या माळेला होता. पण यंत्र रामेश्वरचं असलं तरी ते ओढणारा ट्रॅक्टर गावातल्या बड्या घरच्या सोमेश्वरचा होता. ज्याचा ट्रॅक्टर त्याचं रान आधी, मग त्याच्या भावकीचं, मग त्याच्या व्याह्याचं. सरूबाई रोज संध्याकाळी रामेश्वरच्या अंगणाच्या कडेला येऊन उभी राहायची. अंगणात कुणी ये म्हणायचं नाही, तीही यायची नाही.

"नंबर लागला का रे रामेसर?"

"उद्या, काकू."

"तुझा उद्या का माझा उद्या?"

 रामेश्वर पान्याला लागलेलं ग्रीस चड्डीला पुसायचा.

त्या सकाळी यंत्र बांधावरून आत आलं तेव्हा ती बनिमीला टेकून बसली होती. कापून रचलेलं सोयाबीन, माणसाच्या दीडपट उंच, वर ताडपत्री. ताडपत्रीला इतकी ठिगळं होती की मूळची कुठली आणि ठिगळ कुठलं हे सांगणं अवघड होतं.

"झालं का बाबा समद्या गावाचं?" तिनं विचारलं.

"झालं, काकू."

"कुत्र्यामांजराचं ऱ्हायलं असंल तर ते बी करून ये. मी हाय हितंच."

सोमेश्वर ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या हसला. पांढरा शर्ट, वर गॉगल. ऊन नव्हतं तरी गॉगल. रामेश्वर हसला नाही. त्यानं पट्टा चढवला. त्याची बायको सुकन्या तोंडाला फडकं बांधून यंत्राच्या तोंडाशी उभी राहिली, सरूबाई पेंढ्या द्यायला लागली आणि ड्रम फिरला. आज काहीही होवो, ही बनीम पावसाच्या आत मळायची, एवढं एकच रामेश्वरच्या डोक्यात होतं. सरूबाईला तोंड दाखवायची त्याची ताकद संपली होती.

चार पोती भरली असतील नसतील, तोच जळक्या ग्रीसचा वास आला. मग यंत्रानं असा आवाज काढला की बांधावरच्या दोन शेळ्या दावं तोडून पळाल्या. ड्रम थांबला. धूर निघाला.

ड्रमचं बेअरिंग बसलं होतं. ते सोमेश्वरच्या ओल्या सोयाबीनपासूनच तापत होतं. तिथं थांबायची सोय नव्हती म्हणून रामेश्वरनं दोन दिवस त्याच्यावर लोट्यानं पाणी घातलं होतं, ताप आलेल्या लेकराला घालावं तसं.

"नवं बेअरिंग हाय माझ्यापाशी," तो सरूबाईला म्हणाला. "चार नट काढायचे, हे टाकायचं, बस."

तीन नट साध्या पान्यानं सुटले. चौथा पुलीच्या मागं, दोन अँगलच्या बेचक्यात. तिथं पाना शिरत नव्हता, रिंगपाना शिरत नव्हता. बोट शिरत होतं, पण बोटानं नट सुटत नाही. तिथं फक्त चोवीसची गोटी जाते, लांब दांडीवर, चार सुताच्या रॅचेटनं. घाटनांदूरच्या अंगाला आभाळ तव्याच्या बुडासारखं झालं होतं.

"आलोच," म्हणून तो घराकडं निघाला. चालता चालता त्याला आठवलं की गोटी कुठं आहे. तो थांबला नाही.

दगडाबाई घटासमोर बसली होती. नऊ दिवसांचा उपास, पायात वहाण नाही, ओठ सुकलेले. कोंब वीतभर आले होते, पिवळेधमक, सगळे एका उंचीचे. असे कोंब गावात कुणाकडं आले नव्हते. बायका बघायला येत होत्या.

"आई, पेटी उघडायची हाय."

"दसऱ्याला उघड."

"सरूकाकूचं सोयाबीन भिजंल."

"मंग देवीला सांग. माझ्यापाशी कावून बोलतोस?"

रामेश्वर देवीकडं बघत उभा राहिला. देवी त्याच्याकडं बघत होती. दोघांपैकी घाई एकालाच होती. तो खाली वाकला. झाकण वर उघडणारं. दोन बोटं उचललं तरी पत्रावळ कलंडणार. मागं बिजागऱ्या होत्या, त्या रिबीट ठोकून पक्क्या केलेल्या.

त्याचा बाप सिदू उंबऱ्याशी बसून चातीवर लोकर कातत होता. तो म्हणाला, "मागून कापून घे की. ग्राइंडर हाय तुझ्यापाशी."

"तुमच्या बुडाखाली कुणी कटर चालविलं तर तुमाला कसं वाटंल?" दगडाबाईनं विचारलं.

सिदूनं यावर खरोखर विचार केला. "कसं चालवितो त्याच्यावर हाय," तो म्हणाला.

 सिदूनं धागा तोडून पुन्हा जोडला. "केजला मिळंल की गोटी. जाऊन ये."

"घरात असताना दुसरी इकत घेऊ?" रामेश्वर म्हणाला. "आणि यीपर्यंत पाऊस पडंल. आई, नुसता वर धर घट. मी गोटी काढतो, पुन्ना ठेव."

दगडाबाई मान न वळवता बोलली. "बारा मेंढरं मी ह्या हातानं पुरली. तू नव्हतास. तू यंत्र बघाया गेलतास. जा आता."

तो रिकाम्या हातानं रानात आला. सरूबाईनं त्याच्या हाताकडं पाहिलं आणि ती ताडपत्री पुन्हा बनिमीवर ओढायला लागली. 

"माझ्यापाशी हाय गोटी," सोमेश्वर म्हणाला. त्यानं ट्रॅक्टरच्या सीटखालून एक गंजका डबा काढला. त्याच्या आज्याच्या काळच्या ट्रॅक्टरबरोबर आलेल्या इंची मापाच्या गोट्या, सहा सुताच्या चौकाच्या. एकेक गोटी उखळीएवढी. त्यातली एक इंचाची त्यानं उचलली.

"दादा, ही ढिली पडंल. चोवीसचा नट हाय."

"एक इंच म्हंजे पंचवीस. एकाचा फरक. नट सोडायलो का सोयरीक जमवायलो बे?"

इंच म्हणजे पंचवीसच्याही वर जातो, हे रामेश्वरला माहीत होतं. सोमेश्वरलाही माहीत असावं. पण ट्रॅक्टर त्याचा होता. त्यानं तेलाच्या डब्याचा पत्रा कापून गोटीत पाचरीसारखा कोंबला, गोटी नटावर बसवली आणि लांब दांड्याला स्वतः लटकला. कट् असा आवाज आला.

"सुटला," सोमेश्वर म्हणाला.

नट सुटला नव्हता. नटाचे कोपरे सुटले होते. आणखी दोन झटक्यांत सहा कोपऱ्यांचा नट बुंदीच्या लाडवासारखा झाला. सोमेश्वरनं आत बोट घालून पाहिलं, बोट शर्टाला नाही, रामेश्वरच्या गमज्याला पुसलं आणि म्हणाला, "नट हलका हाय." मग तो बांधावर जाऊन आभाळाकडं बघत उभा राहिला. आभाळही हलक्या मालाचं निघालं तर बरं, असा चेहरा करून.

सरूबाईनं फोन केला होता म्हणून संजय गॅरेज सोडून आला. त्याच्या गाडीला मोटारसायकलच्या हत्यारांची गुंडाळी बांधलेली होती. तो यंत्राखाली पालथा पडला, बॅटरी मारली, बराच वेळ बघत राहिला.

"ह्याला कुणी चघळलं?"

"सोमेश्वरदादानं."

संजयनं बांधाकडं पाहिलं आणि शिवी गिळून हत्यारांची गुंडाळी सोडली. त्या रानाला वाट सोमेश्वरच्या बांधावरून होती. "माझ्यापाशी मोठ्यात मोठी तेवीसची हाय," तो म्हणाला. "ठोकून बसवितो. बसली तर नट धरंल."

त्यानं दांडी लावून हातोड्यानं तेवीसची गोटी त्या लाडवावर चढवली. पाचसहा ठोक्यांनी ती घट्ट बसली. रामेश्वरच्या जिवात जीव आला.

"पण ऐक राम्या," संजय म्हणाला. "हे रॅचेट तीन सुताचं हाय. मोटारसायकलचं. आतले दात तांदळाएवढाले हायत. हाताच्या जोरानं ओढ. पाईप लावू नको."

रामेश्वरनं हातानं ओढलं. पाय यंत्राला लावून ओढलं. त्याच्या मानेच्या शिरा दोरासारख्या झाल्या. नट हलला नाही. पाठीवर एक थेंब पडला, मग एक गुडघ्यावर. थेंब मोठे होते, कवडीएवढे. सरूबाई बनिमीवर चढली आणि ताडपत्रीचं एक टोक धरून पोटावर आडवी पडली. दुसरं टोक वाऱ्यानं उचललं. ते धरायला सुकन्या पळाली.

"पाईप लाव बे," बांधावरून सोमेश्वर म्हणाला. "आभाळ कुणासाठी थांबतंय?"

पाण्याच्या मोटरीचा हातभर पाईप तिथंच पडला होता. रामेश्वरनं तो उचलला आणि संजयकडं पाहिलं.

"मी सांगितलंय," संजय म्हणाला. पण बनीम त्याच्याच आईची होती आणि आई बनिमीवर पालथी होती. दुसऱ्यांदा तो नको म्हणाला नाही. त्यानं गोटी दाबून धरली.

रामेश्वरनं रॅचेटच्या मुठीवर पाईप चढवला आणि सगळं अंग त्यावर टाकलं. पहिल्यांदा काहीतरी हललं. त्याला बरं वाटलं. मग रॅचेटच्या आत हरभरे फुटावेत तसा आवाज झाला आणि अडकवलेलं सगळं एकदम मोकळं सुटलं. पाईप, रॅचेट आणि त्याचा उजवा हात तिन्ही मिळून चाळणीच्या पत्र्याच्या कडेवर गेले. पाईप वाजला. हात वाजला नाही.

तो उठून बसला. हात गुडघ्यावर ठेवला आणि बघत राहिला. करंगळी नव्हती. शेजारचं बोट अर्धं होतं. रक्त यायला जरा वेळ लागला. आल्यावर मात्र थांबेना.

सुकन्यानं तोंडाचं फडकं सोडून हाताला आवळलं.  तिनं त्याला यंत्राच्या चाकाला टेकवून बसवलं, हात वर धरायला लावला आणि संजयला म्हणाली, "गाडी चालू करा. मी आले." आणि चिखलातून गावाकडं पळत सुटली.

"कुठं गेली?" संजयनं विचारलं.

"काय माहीत," रामेश्वर म्हणाला. हात वर धरून बसल्यामुळं वर्गात उत्तर येणाऱ्या पोरासारखा तो दिसत होता. उत्तर येत नव्हतं.

ती आली तेव्हा तिच्या डोक्यावर निळी पेटी होती. झाकणावर ओली माती आणि दोन झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या.

"घट?" रामेश्वरनं विचारलं.

"आत्याबाईंच्या मांडीवर हाय."

"काय म्हणल्या?"

"बोटाचं सांगितलं. काय बोलल्या न्हाईत. मांडी घातली, पदर पसरला, म्हणल्या दे." सुकन्या पेटी उघडत होती. "दसऱ्यापर्यंत तशाच बसनार म्हणत्यात. भुईला टेकवायचा न्हाई म्हणं."

चोवीसची गोटी वरच्याच कप्प्यात होती. ग्रीस लावून ठेवलेली, नव्यासारखी. चार सुताची दांडी तीन सुताच्या चौकात शिरत नव्हती म्हणून संजयनं ठोकून बसवलेली तेवीसची उलटे ठोके देऊन काढली, चार सुताची लांब दांडी जोडली, चोवीसची गोटी नटावर नेली. जागेत बरोबर गेली. माप बरोबर, चौक बरोबर, रॅचेट बरोबर. त्यानं मूठ फिरवली. किटकिट किटकिट. गोटी नटाभोवती गोल फिरली, लाडवावर वाटी फिरवावी तशी. त्यानं पुन्हा फिरवली. पुन्हा फिरली. नट तिथंच होता, फक्त आता तो चोवीसचा नव्हता. तो कुठल्याच नंबरचा नव्हता.

मग पाऊस आला. ताडपत्रीच्या ठिगळांच्या सगळ्या शिवणी एकदम उसवल्या.

सरूबाई बनिमीवरून उतरली. तिचं लुगडं अंगाला चिकटलं होतं. सोमेश्वरचा ट्रॅक्टर केव्हाच यंत्र सोडून वाटेला लागला होता.

"संजय, ह्याला आंबाजोगाईला घाल," ती म्हणाली. "सोयाबीन काय, ते हितंच हाय."

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "तुटलेला तुकडा आणलाय का?"

"भुसकटात पडलाय," संजय म्हणाला. "यंत्र बंद हाय. न्हाईतर चाळून आणला असता."

डॉक्टरनं त्याच्याकडं पाहिलं. संजयचा चेहरा सरळ होता. तो खरंच तसं म्हणत होता.

पाऊस दोन दिवस बसून राहिला. रामेश्वरही दोन दिवस तिथंच, हात उशीवर ठेवून. सुकन्या घर आणि दवाखाना करत होती. घरची खबर ती सांगायची तेव्हा त्याला हसावं की काय करावं कळायचं नाही. दगडाबाई खरंच बसून होती. पाठ भिंतीला, घट मांडीवर. रात्री तिचा डोळा लागला की सिदू आपल्या मांडीवर घ्यायचा. तो पहिल्यांदाच देवीच्या कामाला आला होता आणि अवघडून गेला होता. "हालू नका म्हणत्यात," सुकन्या म्हणाली. "मामंजी दोन दिवस शिंकले न्हाईत."

दसऱ्याच्या दिवशी ऊन पडलं. टाके ओले होते, हात अजून ठणकत होता, तरी रामेश्वर हट्टानं निघाला. काळ्यापिवळ्या जीपमध्ये तो आणि सुकन्या मागं बसले. वडगावच्या अलीकडं जीपचा वेग मंदावला. चाकांखाली कडकड कडकड वाजायला लागलं.

"काय हाय?" कुणीतरी विचारलं.

"सोयाबीन," ड्रायव्हर म्हणाला. "लोकं रस्त्यावर टाकायलेत. गाड्यांनी मळून द्यायचं म्हणं. डिझेल आमचं."

रामेश्वर वाकून बघत होता. अर्धा रस्ता काळपट पेंढ्यांनी भरलेला. कडेला संजय हात करत उभा होता आणि सरूबाई काठीनं पेंढ्या उलट्या करत होती. अंगावर पांढरं लुगडं. सकाळी विहारात धम्मचक्र दिनाच्या वंदनेला गेली असावी आणि तशीच इकडं आली असावी.

"थांबवा," रामेश्वर म्हणाला.

तो उतरला. सुकन्याही उतरली. शेंगा पायाखाली फुटल्या. त्यानं एक दाणा उचलून डाव्या हाताच्या नखानं दाबला. मऊ होता. सरूबाई काठी टेकून उभी राहिली. तिनं त्याच्या हाताकडं पाहिलं. मनगटापासून पुढं सगळा पांढरा गोळा.

"किती गेलं?"

"दीड. तुमचं?"

"निम्म्याच्या वर. खालचं समदं काळं पडलं. हे वरचं तेवढं वाळतंय."

रामेश्वरला काहीतरी बोलायचं होतं. दवाखान्यात त्यानं ते दोन दिवस जुळवलं होतं. "काकू, त्या दिशी म्या आधी केजला..."

"ते ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "गाड्या बाजूनं निघून जायलेत. टायर घसरंल म्हणतेत. पोरगं सकाळधरनं हात करायलंय, कुणी बघत न्हाई. वाळलंय तवर चाकं फिरायला पायजेत. पुन्ना आभाळ आलं की हे बी गेलं."

समोरून एक टेम्पो येत होता. संजयनं हात केला. टेम्पोनं हॉर्न दिला आणि मोकळ्या बाजूला वळायला लागला.

रामेश्वर मोकळ्या बाजूच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि उजवा हात वर केला. टेम्पोनं ब्रेक मारला. ड्रायव्हर खिडकीतून खाली वाकला. त्यानं बँडेज पाहिलं, मग पांढऱ्या लुगड्यातली म्हातारी पाहिली. त्याचा आवाज खाली आला.

"कोण गेलं?"

"कुणी न्हाई. सोयाबीनवरनं घ्या. सावकाश."

ड्रायव्हरनं मान हलवली, टेपवरचं गाणं बंद केलं आणि टेम्पो पेंढ्यांवर घातला. कडकड कडकड. संजय आणि सुकन्या वाकून मागून पेंढ्या उलटायला लागले. त्याच्यामागं एक जीप आली, ती थांबली. एक उसाची रिकामी गाडी आली, तीही थांबली. सगळे आधी हाताकडं बघत आणि मग तो सांगेल तिकडून जात.

"रामेसर," सरूबाई म्हणाली, "जरा डावीकडनं घ्यायला लाव. तिकडल्या शेंगा अजून फुटल्या न्हाईत."

तो चार पावलं सरकला आणि हात पुन्हा वर धरला. बराच वेळ वर धरल्यामुळं की काय, टाक्यातून ओल आली. बँडेज वरून लाल व्हायला लागलं, तशा गाड्या आणखी लांबूनच थांबायला लागल्या.